तपासनीसांची बोटगाडी

तपासनीसांच्या बोटीत कुणीतरी बसून गेलं होतं.

याला पुरावे होते. पेट्रोलच्या टाकीत बुडवून बघायच्या काठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने खूण केलेली होती आणि पेट्रोल त्या खुणेच्या चांगलं खाली उतरलं होतं. बोट धक्क्याला बांधताना तपासनीस जी गाठ मारत, ती पुढच्या खेपेला सोडवायला त्यांना स्वतःलाच दात लावावे लागत. आता तिच्या जागी एका हिसक्यात सुटणारी सुबक गाठ होती. आणि तिसरा पुरावा तर डोकं फिरवणारा होता. मागच्या बाकावरची गादी गेल्या उन्हाळ्यापासून उसवलेली होती. ती कुणीतरी शिवून ठेवली होती.

"बघ, चोर किती निर्ढावलाय," घरी येऊन बूटसुद्धा न काढता ते बायकोला म्हणाले. "चोरून बसतो ते बसतो, वर डागडुजी करतो. म्हणजे बोट तो स्वतःची समजायला लागलाय!"

"गादी शिवायची होतीच की," बायको म्हणाली. "काम झालं."

"तुला गांभीर्यच नाही."

"आहे हो. जेवायला वाढू का?"

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात त्यांनी वजनमापे खात्यात घालवली होती. दुकानादुकानांतून तराजू उचलून बघायचे, वजनांची बुडं खरवडायची, टेपा ताणून बघायच्या आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर घाम आला की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी खात्याची खुर्ची परत केली, शिक्के परत केले, सरकारी छत्रीसुद्धा परत केली. संशय तेवढा परत करायचा राहून गेला. दूधवाल्याच्या मापाला पोचा आहे, शिंप्याची टेप ताणलेली आहे, डॉक्टरांचा थर्मामीटर मुद्दाम जास्त दाखवतो, अशी त्यांची ठाम मतं होती. घरातल्या दोन घड्याळांपैकी एक खोटं बोलतंय हे त्यांना माहीत होतं. कुठलं, याचा तपास चालू होता. साऱ्या ओळखीपाळखीत त्यांनी संशय घेतला नव्हता असं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको. त्यामागे विश्वास होता की आणखी काही, हे मात्र त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

बोट त्यांनी एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या लिलावात घेतली होती. दोन बाक, मागे एक छोटं इंजिन, आणि ते चालू करायला ओढायची दोरी. ही दोरी तपासनीसांना कधीच एका झटक्यात वश झाली नाही. ते ओढत, इंजिन खोकल्यासारखं करी आणि गप्प बसे. मग ते इंजिनकडे रोखून बघत, पुन्हा ओढत. इंजिन लागेपर्यंत बायको पुढच्या बाकावर बसून राही, कारण तसा नियमच होता. पुढच्या बाकावर बसायचं, दोन्ही हातांनी काठ धरायचा आणि मागे वळून बघायचं नाही, तोल जातो. एकदा तिने म्हटलं होतं, "मला जरा चालवायला द्या ना." तपासनीस मोठ्याने हसले होते. "अगं, इंजिन आहे ते. शिवणयंत्र नव्हे." पुढे थोड्याच दिवसांत तिने दुपारचा शिवणाचा क्लास लावला आणि तपासनीसांना बरं वाटलं. माणसाने आपल्याला झेपेल तेच करावं.

आता चोर कोण, हा प्रश्न होता. पहिला संशय अर्थातच मेहुण्यावर. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सदा हसतमुख, आणि विनाकारण हसणाऱ्या माणसाबद्दल तपासनीसांची मतं आधीच तयार होती. पण मेहुण्याला सुई धरता येत नव्हती, म्हणजे त्याला साथीदार असणार. दुसरा संशय तळ्यावरच्या रखवालदारावर. हा माणूस धक्क्याजवळच्या खोपटात बसून दिवसभर तळ्याकडे बघत असे. ज्याला बघण्याचेच पैसे मिळतात त्याला काहीच कसं दिसत नाही?

"कुणी आलं नाही साहेब," रखवालदार म्हणाला. "परका माणूस म्हणाल तर कुणीच नाही."

"परका नाही, मग?"

"मग काय, आपलेच सगळे," असं म्हणून तो विडी पेटवायला वळला. तपासनीसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांनी पाळत ठेवायचं ठरवलं. दुर्बीण, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन तळ्याकाठच्या झुडपात दुपारभर दडी मारून बसायचं, हा बेत त्यांनी इतका गुप्त ठेवला की बायकोखेरीज कुणालाही सांगितला नाही. ते झुडपात बसले. मुंग्यांनी त्यांची दोन्ही पावलं तपासून काढली. बोटीकडे चिटपाखरू फिरकलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी वार बदलला, बायकोला तसं सांगून ठेवलं आणि पुन्हा जाऊन बसले. पुन्हा तेच. मधल्या दिवशी मात्र पेट्रोल उतरलेलं! बातमी फुटत होती यात काही शंकाच नव्हती. कुठून फुटत होती तेवढं कळत नव्हतं.

"आता एकच उपाय," ते बायकोला म्हणाले. "बोट तळ्यावर ठेवायचीच नाही. गाडीला जोडायची एक चाकांची गाडी करायची आणि बोट प्रत्येक वेळी घरी आणायची. अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर. कुलूप लावून."

बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. ओल्या हातातून निसटलं, असं ती म्हणाली.

"रोज?" तिने विचारलं.

"कायमची. मी नेईन तेव्हाच ती पाण्यात उतरेल."

तयार बोटगाडी विकत मिळत होती. तपासनीस बघूनही आले. पण विकणाऱ्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि वर वापरून बघायला घेऊन जा म्हणाला. गाडी विकायला जो इतका उतावीळ आहे त्याच्या गाडीत काहीतरी काळंबेरं असणारच. तेव्हा गाडी घरीच करायची ठरली.

सुरुवात मापापासून. दुसरा कुणी असता तर टेप घेऊन गेला असता. पण आयुष्यभर ज्याने टेपा जप्त केल्या तो टेपेवर भरवसा कसा ठेवणार? तपासनीसांनी बाजारातून कोरी सुती दोरी आणली, ती बोटीच्या नाकापासून शेपटापर्यंत धरली आणि जिथे जे माप तिथे गाठ मारली. ही लांबीची गाठ, ही बाकांची, ही रुंदीची. दोरी खोटं बोलत नाही, असं ते रखवालदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. मग दोरी गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी शर्ट दोरीवर वाळत होता आणि खिसा फुगलेला होता.

"अगं, माप!" तपासनीस ओरडत अंगणात आले.

"अगंबाई," बायको म्हणाली. "खिशात होती होय?"

त्यांनी घाईघाईने दोरी उलगडली. गाठी सगळ्या शाबूत होत्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, समाधानाचा सुस्कारा सोडला आणि बायकोला माफ केलं. वर दोरी स्वच्छ निघाली म्हणून कौतुकही केलं.

आता कारागीर. बोटीसाठी म्हटलं की प्रत्येकजण आपल्याला श्रीमंत समजणार आणि कापणार, हे उघड होतं. शिवाय सगळी गाडी एकाच्या हातात दिली तर त्याला सगळंच कळणार. तपासनीसांनी खात्यात शिकलेली युक्ती काढली. काम तिघांत वाटायचं आणि कुणालाच पत्ता लागू द्यायचा नाही.

लोखंडी सांगाडा त्यांनी पलंग करणाऱ्याकडे दिला आणि पलंग हवाय म्हणून सांगितलं. त्याने दोरी जमिनीवर पसरून बघितली.

"एवढा लांब? झोपणार कोण?"

"पाहुणे."

"शेजारी शेजारी?"

"नाही. एकामागे एक," तपासनीस म्हणाले आणि पुढचा प्रश्न यायच्या आत निघाले.

चाकं आणि आस त्यांनी गॅरेजवाल्याकडून पाण्याच्या टाकीच्या नावाखाली करून घेतली. राहता राहिले बोटीचं पोट टेकायचे दोन बाकदार लाकडी आधार. सुताराला त्यांनी सांगितलं की नाटकाच्या देखाव्यात कमानी लागतात, तशा दोन हव्यात. सुतार हौशी निघाला. नाटक कुठलं, राजाचं की देवाचं, कमानीखालून किती उंचीचं पात्र जाणार, असं तो खोदून खोदून विचारायला लागला. तपासनीस म्हणाले, राजाचं. हा माणूस जरा जास्तच चौकशा करतो, असं त्यांना वाटलं.

माल आला तेव्हा अंगणात शेजारी जमले. पलंगवाल्याने चोख काम केलं होतं. पाहुण्यांचा पलंग म्हणून उशाशी लोखंडी वेलबुट्टी, तिच्या मधोमध दोन मोर आणि पायथ्याला पितळी गोंडे. सुताराच्या कमानींना सोनेरी रंग होता आणि त्यावर द्राक्षांचे घोस कोरलेले होते. गॅरेजवाल्याने चाकांच्या वर एक नळ बसवायची जागा सोडली होती. तपासनीसांनी हे सगळं नटबोल्टांनी एकत्र जोडलं. शेजाऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"लग्न कुणाचं आहे?" समोरच्या काकूंनी शेवटी विचारलं.

"बोटीची गाडी आहे ही," तपासनीस दात आवळून म्हणाले.

"असेल बाई," काकू म्हणाल्या. "आम्हाला बोलवा म्हणजे झालं."

शेजारचे विमावाले पुढे झाले. या गृहस्थांना आयुष्यात काहीही दिसलं की आधी त्याचा अपघात दिसे. "हे उतारावर सुटलं तर?" त्यांनी विचारलं.

"सुटणार नाही."

"तसं नव्हे, सुटलं तर म्हणतो. सुटलं आणि खाली शाळा असली तर?"

"तळ्यापाशी शाळा नाहीये."

"बांधली तर?"

तपासनीसांनी एक बोल्ट उगाचच पुन्हा आवळला. हा माणूस आपल्या बोटीबद्दल इतका विचार का करतो, ही शंका मात्र त्यांनी मनात टिपून ठेवली. बायको पायरीवर उभी राहून मोरांकडे बघत होती. "छान झालीय हो," ती म्हणाली. "बसेल ना बोट हिच्यावर?"

"माप माझं आहे," तपासनीस म्हणाले.

मग परवाना. वाहनांच्या कचेरीत खिडकीमागे एक किडकिडीत कारकून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "वाहनाचा प्रकार?"

"बोट वाहून न्यायची गाडी."

"म्हणजे बोट की गाडी?"

"गाडी. बोट वर असते."

"इंजिन?"

"ते बोटीला आहे."

"म्हणजे गाडीला इंजिन नाही आणि बोटीला चाकं नाहीत." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "दोघांपैकी एकही माझ्या टेबलावर येत नाही."

"मग परवान्याशिवायच रस्त्यावर नेऊ का?"

"परवान्याशिवाय रस्त्यावर नेलीत, तर मात्र लगेच येईल."

तपासनीसांना राग यायला हवा होता. पण जुन्या पैलवानाला नव्या पोराचा पेच बघून वाटावं तसं काहीसं त्यांना वाटलं. हेच त्यांनी तीस वर्षं लोकांना केलं होतं, पण इतक्या थोड्या शब्दांत कधी जमलं नव्हतं. शेवटी कारकुनाने वाट काढली. गाडी जोडसामान म्हणून चालेल, मात्र तिचं रिकामं वजन किती याचा दाखला आणा, ट्रक मोजायच्या काट्यावरचा.

ट्रक मोजायचा काटा सबंध भागात एकच होता आणि नोकरीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात, जाता जाता, त्यांनीच तो सील केला होता. सील पुढे निघालं होतं, पण काटेवाल्याच्या मनातून ते निघालं नव्हतं.

"या साहेब, या!" काटेवाल्याने ट्रकवाल्यांच्या रांगेतून त्यांना मानाने पुढे आणलं. मोरांची गाडी काट्यावर चढली. ट्रकवाले चहा टाकून बघायला आले. "पण साहेब, माझा काटा तर खोटा. तुम्हीच लिहून दिलंय. खोट्या काट्यावरून तुम्हाला खरा दाखला कसा देऊ? माझं मन नाही घेत."

"दुरुस्त झालाय ना आता."

"दुरुस्त आधीही होता. तेच तर म्हणतोय मी." काटेवाल्याने हात जोडले. "तुम्ही एकदा तोंडाने म्हणा, सगळ्यांसमोर, की हा काटा बिनचूक आहे. मग देतो."

तपासनीसांनी आभाळाकडे पाहिलं, ट्रकवाल्यांकडे पाहिलं आणि मोरांकडे पाहिलं. मग बिनचूक हा शब्द त्यांनी असा उच्चारला की तो चाकाखालीसुद्धा ऐकू गेला नसता. "जरा मोठ्याने साहेब, इंजिनं चालू आहेत," काटेवाला म्हणाला. त्यांनी मोठ्याने म्हटलं. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ते त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इतकं कशाला करता? राहू दे ना बोट तिथेच." पण आता माघार घेणं म्हणजे चोरापुढे हार मानणं होतं. तो चोर कुठेतरी बसून हसत असणार, या विचाराने त्यांना पुन्हा भूक लागली.

बोटगाडी ओढायला मागे आकडा असलेली मोठी गाडी हवी, आणि तशी गाडी ओळखीत एकट्या मेहुण्याकडे होती. म्हणजे चोर पकडायला संशयिताचंच वाहन! तपासनीसांनी याचाही फायदा करून घ्यायचं ठरवलं. वाटेत त्याला बोलतं करायचं.

"मला काय, भाऊजी, कधीही सांगा," मेहुणा हसत म्हणाला. त्यांनी हे हसणंही लक्षात ठेवलं. बायको म्हणाली, "मी पण येते." तिच्या हातात चहाची थर्मास होती आणि पायांत रबरी तळव्याचे बूट होते. ते बूट तपासनीसांनी पहिल्यांदाच बघितले, पण तेवढ्यात मोरांवर फडकं बांधायचं राहिलं म्हणून ते पळाले.

वाटभर त्यांनी मेहुण्याची उलटतपासणी केली. दुपारी काय करतोस, पाण्याची आवड आहे का, सुईदोरा घरात कुठे असतो. मेहुणा खरी उत्तरं देत गेला आणि त्यामुळे संशय वाढत गेला. मागच्या काचेतून फडकं उडालेले दोन मोर डुलत येताना दिसत होते. रस्त्याकडेचे लोक थांबून हात हलवत होते. एकाने फुलंही टाकली.

तळ्याच्या उताराशी मेहुण्याने गाडी उलटी लावली आणि बोटगाडी पाण्यात उतरवली. तपासनीस गुडघाभर पाण्यात उभे राहिले. बोट सोनेरी कमानींवर चढवली. नाक मोरांना टेकलं, आणि शेपूट बाहेरच राहिलं. थोडंथोडकं नव्हे, हातभर. इंजिनासकट.

"जरा पुढे सरकवा," मेहुणा म्हणाला.

"पुढे मोर आहेत. माप बरोबर आहे. बोट वाढलीय."

"बोट कशी वाढेल भाऊजी?"

"पाण्यात राहून फुगली असेल. तू ओढ."

धक्क्याची दोरी त्यांनी सोडून टाकली. बोट आता गाडीवर बसली होती, दोरीचं काम संपलं, असा त्यांचा हिशोब. मेहुण्याने गाडी पुढे घेतली. बोटगाडी पाण्याबाहेर यायला लागली तसा सगळा भार मागे इंजिनाकडे गेला, गाडीचा आकडा वर उचलला गेला आणि आकड्याबरोबर मेहुण्याच्या गाडीचं बूड हवेत गेलं. मागची चाकं गरगर फिरायला लागली. पलंगवाल्याचा सांगाडा मधोमध वाकला; पाहुणे झोपतात त्या मानाने तो मजबूतच होता. मोठा आवाज झाला, आकडा सुटला, गाडीचं बूड धाडकन खाली आलं, आणि बोटगाडी बोटीला घेऊन उलटी घरंगळत पाण्यात गेली.

तिथे दोघींची ताटातूट झाली. बोटगाडी बुडाली. पाण्यावर फक्त दोन मोर राहिले. बोट मात्र तरंगली, गोल फिरली आणि वाऱ्याबरोबर थेट सांडव्याच्या दिशेने निघाली, जिथून तळ्याचं पाणी भिंतीवरून खाली कोसळतं.

"धरा!" तपासनीस ओरडले. "धरा तिला! अरे, कुणीतरी धरा!" ते कमरेइतक्या पाण्यात गेले आणि चिखलात रुतले. मेहुण्याला पोहता येत नव्हतं. रखवालदाराची वल्ह्याची होडी काठाला होती, पण रखवालदार तिच्याकडे धावला नाही. तो तपासनीसांच्या बायकोकडे बघत उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "वारा डावीकडून आहे हं."

"दिसतोय," बायको म्हणाली. थर्मास तिने त्याच्या हातात दिली, होडीत पाय ठेवला, आणि वल्ही मारत निघाली. बोटीपाशी पोचल्यावर होडीतून बोटीत ती अशी गेली की दोन्ही जागच्या हलल्या नाहीत. मागच्या बाकावर, शिवलेल्या गादीवर बसली. दोरी एकदाच ओढली. इंजिन लागलं!

तपासनीसांनी हे चिखलात उभं राहून बघितलं. होडी मागे बांधून घेत बोट भिंतीच्या अलीकडून वळली, पाण्यातल्या खांबांमधून नागमोडी आली, आणि इंजिन बंद करून अलगद धक्क्याला लागली. बायकोने दोरी खांबाला टाकली आणि एका हाताने गाठ मारली. एका हिसक्यात सुटणारी, सुबक गाठ.

मेहुण्याने तोंडात बोटं घातली. रखवालदार चहा ओतायला लागला. तपासनीस चिखलातून एकेक पाय उपटत धक्क्यावर आले. जे शोधायला त्यांनी झुडपात मुंग्या सोसल्या, मोरांची मिरवणूक काढली आणि ट्रकवाल्यांच्या टाळ्या ऐकल्या, ते त्यांच्यासमोर बोटीत बसलेलं होतं. पकडल्यावर काय बोलायचं हे त्यांनी महिनाभर पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"शिवणाचा क्लास," ते म्हणाले.

"लावला होता. आठवडाभर गेले. गादी शिवण्यापुरतं आलं, मग सोडला." बायकोने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "विचारलं असतं तर दिली असतीत बोट?"

तपासनीसांनी विचार केला. खोटं बोलता आलं असतं, पण रखवालदार ऐकत होता. "नसती दिली," ते म्हणाले.

"म्हणून नाही विचारलं. पण खरं सांगू? मला रोज वाटायचं, आज धरणार हे मला. चपलांना वाळू असायची, अंगाला पेट्रोलचा वास असायचा. तुम्ही रखवालदारावर संशय घेतलात, माझ्या भावावर घेतलात, बिचाऱ्या विमावाल्यांवरसुद्धा घेतलात. माझ्यावर नाही घेतलात. एकदाही नाही." तिने गादीवरची वाळू झटकली. "माझ्यावर का नाही घेतलात हो?"

"तुझ्यावर कसा घेणार? तू तर..." तपासनीस म्हणाले आणि थांबले. पुढचे शब्द तोंडापर्यंत आले होते. तू तर पुढच्या बाकावर बसणारी. ते त्यांनी गिळले, आणि त्यांना जितकं वाईट वाटलं तितकं त्या काट्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. ज्याच्या हातून काही होईल असं वाटतं त्याच्यावरच माणूस संशय घेतो, हे त्यांना खात्यात कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. आणि बायकोचा त्यांनी तेवढाही मान ठेवला नव्हता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. मेहुण्याकडे वळून त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. मेहुणा हसला. आता ते हसणं नुसतं हसणंच वाटलं.

"चहा घ्या आणि बसा," बायको म्हणाली. "एक फेरी मारू. कपडे वाऱ्याने वाळतील."

तपासनीस सवयीने मागच्या बाकाकडे निघाले. बायको तिथून हलली नाही. मग ते मुकाट्याने पुढच्या बाकावर जाऊन बसले.

"दोन्ही हातांनी काठ धरा," ती म्हणाली. "आणि मागे वळून बघायचं नाही."

बोट निघाली. मोरांच्या बाजूने जाताना तपासनीसांनी मान फिरवली नाही. आपल्या पाठीमागे कोण काय करतंय हे दिसत नसताना इतका वेळ बसून राहायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. सुरुवातीला मानेला रग लागली. मग वारा लागला, पाणी दोन्ही बाजूंनी सारखं फाकत गेलं, आणि बायकोचा हात आपल्यापेक्षा हलका आहे हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. बरं वाटायला लागलं.

पण डोकं रिकामं राहीना. बोट हातभर जास्त कशी भरली? माप चुकणं शक्य नव्हतं. दोरी त्यांची, गाठी त्यांच्या. कोरी सुती दोरी. गाठी शाबूत होत्या. धुऊन स्वच्छ निघाली होती. धुऊन. कोरा सुती शर्ट पहिल्या धुण्यानंतर मनगटापासून किती वर जातो, हे त्यांना एकदम आठवलं.

"अगं," ते समोर बघतच म्हणाले, "तो शर्ट पाण्यात घालण्याआधी तू खिसा बघितला नव्हतास?"

मागे इंजिनाचा वेग जरा कमी झाला.

"लग्न झाल्यापासून," बायको म्हणाली, "तुमचा खिसा तपासल्याशिवाय एकही शर्ट मी पाण्यात घातलेला नाही."

तपासनीस गर्रकन मागे वळले. बोट कलली.

"पुढे बघा," ती म्हणाली. "तोल जातो."